हार्ड डिस्कवरील अनपेक्षित लहान पार्टिशन : एका सीमेचा इतिहास

१

ऐतिहासिक साधनांच्या अभ्यासकाला संगणकाच्या अंतर्रचनेशी काय कर्तव्य, असा प्रश्न तीसएक वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर तो गैर ठरला नसता. आज परिस्थिती पालटली आहे. दप्तरखान्यात बसून घेतलेली मोडी कागदांची छायाचित्रे, लिप्यंतरे, टाचणे आणि प्रबंधाचे कच्चे खर्डे हे सर्व आता हार्ड डिस्कवर राहते. आणि डिस्कच्या रचनेविषयीचे अज्ञान हे साधनांच्या नाशाचे एक कारण होऊन बसले आहे. प्रस्तुत टिपणास निमित्त झालेली घटना याच प्रकारची आहे.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका संशोधक विद्यार्थ्याने दोन वर्षांत जमविलेली कागदपत्रांची छायाचित्रे एका बाह्य डिस्कवर ठेवली होती. ही डिस्क आरंभी ॲपलच्या संगणकावर तयार केलेली होती. पुढे ती विंडोजच्या संगणकास जोडली असता मुख्य पार्टिशनच्या आधी २०० एमबीचे एक लहान पार्टिशन त्याच्या दृष्टीस पडले. ते त्याने स्वतः केलेले नव्हते. ते उघडेना, ते पुसण्याचा पर्यायही यादीत मंद करून ठेवलेला होता. त्यामुळे संशय अधिकच बळावला. कोणा परिचिताने त्यास एक आज्ञा सांगितली. ती आज्ञा एकेक पार्टिशन पुसणारी नसून डिस्कवरील पार्टिशनांची संपूर्ण नोंदच पुसणारी होती, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. क्षणार्धात डिस्क कोरी दिसू लागली.

या घटनेचा शेवट पुढे यथास्थळी सांगितला आहे. येथे प्रश्न एवढाच की, असे न मागता मिळालेले लहान पार्टिशन डिस्कवर येते कोठून? त्यास बहुधा दोनच उत्तरे दिली जातात : ते व्हायरसचे काम आहे, किंवा ती वाया गेलेली जागा आहे. दोन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, आज दिसणारे लहान पार्टिशन हे बहुतांशी अतिक्रमण नसून, पूर्वी नोंदीवाचून वापरल्या जाणाऱ्या जागेची झालेली नोंद होय. ते आज आपणांस दिसते म्हणून आश्चर्य वाटते. पूर्वी ते दिसत नव्हते, इतकेच.

२

आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या व्यक्तिगत संगणकात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीवरच काम चाले. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी या संगणकात १० एमबीची डिस्क बसविण्यात आली आणि तिच्याबरोबर डॉस या कार्यप्रणालीची दुसरी आवृत्ती आली. डिस्कची वाटणी करण्याची पद्धत याच वेळी रूढ झाली. एकाच डिस्कवर डॉसखेरीज अन्य कार्यप्रणालीही नांदू शकाव्यात, हा तीमागील एक हेतू होता.

ही पद्धत अत्यंत काटकसरीची होती. डिस्कच्या पहिल्या सेक्टरात ५१२ बाइट असतात. त्यांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आरंभीच्या कार्यक्रमास दिलेले होते. त्यापुढील ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी होत्या. आणि शेवटचे २ बाइट खुणेचे होते. या सेक्टरास एमबीआर असे म्हणतात. प्रत्येक नोंदीत त्या पार्टिशनचा आरंभ, त्याची लांबी आणि एका बाइटात त्याचा प्रकार एवढेच लिहिलेले असे. वाटेकरी चारांहून अधिक असणार नाहीत असे गृहीत धरून केलेला हा वाटणीपत्राचा मसुदा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. या वाटणीपत्रात संगणकाच्या निर्मात्यासाठी, कार्यप्रणालीच्या आरंभयंत्रणेसाठी किंवा दुरुस्तीच्या साधनांसाठी वेगळी अशी जागा राखलेली नव्हती. जागेची गरज मात्र त्या सर्वांना होती. ती गरज कशी भागविली गेली, हाच पुढील दोन दशकांचा इतिहास आहे.

३

डिस्कवरील पहिले पार्टिशन नव्या ट्रॅकपासून सुरू करण्याची प्रथा होती. पुढे एका ट्रॅकमध्ये ६३ सेक्टर धरण्याचा प्रघात पडला, तेव्हा पहिला सेक्टर एमबीआरला जाऊन उरलेले ६२ सेक्टर, म्हणजे सुमारे ३१ केबी जागा, कोणाच्याच नावावर राहिली नाही. ही जागा थोडी खरी. परंतु त्या काळच्या लहान कार्यक्रमांना ती पुरेशी होती, आणि बेवारस जागेचे जे होते तेच तिचे झाले.

१९८७ साली न्यूझीलंडमध्ये उद्भवलेला स्टोन्ड हा व्हायरस स्वतः एमबीआरमध्ये शिरून मूळ एमबीआरची प्रत याच पडीक पट्ट्यातील सातव्या सेक्टरात नेऊन ठेवीत असे. लिनक्ससाठी वापरला जाणारा ग्रब हा आरंभकार्यक्रम आपला मधला हिस्सा याच पट्ट्यात ठेवू लागला. परवाना तपासणाऱ्या काही व्यापारी सॉफ्टवेअरनेही आपली गुप्त खूण तेथेच लिहिली. तिच्यामुळे ग्रबचा मजकूर बिघडून संगणक सुरू न होण्याचे प्रसंग आले. एकाच तुकड्यावर तिघांची वहिवाट आणि कोणाचीच नोंद नाही, अशी ही स्थिती होती. डिस्कची वाटणी दाखविणाऱ्या कोणत्याही यादीत तिचा मागमूस लागत नसे.

डिस्कच्या शेवटच्या टोकासही असाच प्रकार होता. विंडोज २००० आणि तिच्या पाठोपाठ आलेली एक्सपी यांची मांडणी करताना अखेरीस सुमारे ८ एमबी जागा मोकळी सोडली जाई. पुढेमागे मालकाने डिस्क 'डायनॅमिक' या प्रकारात बदलली तर तिच्या अंतर्गत नोंदवहीस १ एमबी जागा लागे, तिची ही तरतूद होती. अनेकांनी त्या काळी ती ८ एमबी आपली हरवलेली जागा समजून परत मिळविण्याचा खटाटोप केला.

याच काळात खुद्द पार्टिशनच्या रूपानेही लहान तुकडे दिसू लागले. त्यांची कारणे दोन. पहिले कारण संगणकाच्या मर्यादेचे. संगणक सुरू करणारी बायॉस ही यंत्रणा जुन्या पद्धतीने १०२४ सिलिंडरांपलीकडील मजकूर वाचू शकत नसे. म्हणून लिनक्स वापरणारे लोक डिस्कच्या आरंभी एक लहान पार्टिशन मुद्दाम करून त्यात कार्यप्रणालीचा गाभा ठेवीत. मर्यादा पुढे नाहीशी झाली. प्रथा मागे राहिली. दुसरे कारण निर्मात्यांच्या सोयीचे. कॉम्पॅक या कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या संगणकांत निदान आणि जुळणीच्या कार्यक्रमांसाठी एक लहान पार्टिशन ठेवले, आणि त्यासाठी प्रकार दर्शविणारा स्वतंत्र अंकही रूढ झाला. पुढे इतर निर्मात्यांनी सीडी देण्याऐवजी मूळ स्थिती परत आणण्याची सामग्री डिस्कवरच ठेवण्यास आरंभ केला. निर्मात्याने ग्राहकाच्या डिस्कवर आपला हिस्सा राखावा, ही रीत अशी पडली.

४

या अव्यवस्थेतून मार्ग निघाला तो इंटेलच्या इटेनियम या संगणकीय चिपच्या निमित्ताने. बायॉसच्या मर्यादा नव्या चिपला जाचक होत्या. म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने ईएफआय ही नवी आरंभयंत्रणा हाती घेतली. २००५ साली ती अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंडळाकडे सोपविण्यात आली. तिच्याबरोबर वाटणीची जीपीटी ही नवी पद्धत आली. एमबीआरमध्ये ५१२ बाइटांच्या सेक्टरांच्या हिशेबाने सुमारे २.२ टीबीपलीकडील जागा मोजता येत नसे. जीपीटीत ही अडचण उरली नाही. चार नोंदींच्या जागी सामान्यतः १२८ नोंदींची सोय झाली, आणि नोंदवहीची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवण्याची पद्धत पडली. जुन्या साधनांनी डिस्क कोरी समजू नये यासाठी पहिल्या सेक्टरात एक दिखाऊ एमबीआरही ठेवण्यात आला. शेताच्या बांधावर 'ही जमीन मोकळी नाही' अशी पाटी लावावी, तसे त्याचे कार्य आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने जीपीटीचे खरे महत्त्व निराळेच आहे. या पद्धतीत नोंदीबाहेरच्या जागेचा वापर वर्ज्य ठरला. त्यामुळे पूर्वी चोरून जागा वापरणाऱ्या प्रत्येकाला आता रीतसर नोंद करणे भाग पडले. आरंभयंत्रणेसाठी ईएफआय सिस्टिम पार्टिशन आले; विंडोज त्यास बहुधा १०० एमबी आणि ॲपल २०० एमबी देते. मायक्रोसॉफ्टने एक 'राखीव' पार्टिशन आणले. १६ जीबीपेक्षा लहान डिस्कवर ते ३२ एमबीचे आणि मोठ्या डिस्कवर १२८ एमबीचे असे. विंडोज १० मध्ये ते १६ एमबीचे झाले. पूर्वी ज्या कार्यक्रमांना छुपे सेक्टर लागत त्यांनी ती जागा आता या राखीव तुकड्यातून घ्यावी, असा त्याचा हेतू आहे. एक्सपीच्या काळातील डिस्कच्या टोकाची ती ८ एमबीची मूक तरतूद येथे नावानिशी वहीत आलेली दिसते. ग्रबलाही आपला जुना पडीक पट्टा सोडून १ एमबीचे स्वतंत्र पार्टिशन मागावे लागले.

जमीन महसुलाच्या दप्तराशी परिचय असलेल्या वाचकांस येथे पोटखराब्याची आठवण होईल. सर्व्हे नंबरातील रस्त्याखाली किंवा ओढ्याखाली गेलेला तुकडा कागदावर वेगळा दाखविला, म्हणजे मालकाची जमीन कमी होत नाही. पूर्वीही तेथे पीक येत नव्हतेच. कागद तेवढा खरा होतो.

५

जीपीटीत प्रत्येक प्रकारच्या पार्टिशनला एक दीर्घ ओळखचिन्ह असते. सर्वसाधारण वापरकर्त्यास ते निरर्थक अंकाक्षरांचे जुडगे वाटते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने ते ताम्रपटाच्या मित्योल्लेखाप्रमाणे वाचून पाहावे. तीन उदाहरणे पुरेत.

ईएफआय सिस्टिम पार्टिशनच्या चिन्हाचे पहिले तीन गट असे आहेत : सी१२ए७३२८, एफ८१एफ, ११डी२. तिसऱ्या गटाच्या आरंभीचा १ हा अंक असे सांगतो की, हे चिन्ह घड्याळाच्या साहाय्याने निर्माण केलेले आहे. अशा चिन्हात १५ ऑक्टोबर १५८२ या दिवसापासून, म्हणजे ग्रेगरी कालगणनेच्या पहिल्या दिवसापासून, लोटलेला काळ एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजलेला असतो. त्या हिशेबाने गणित केले असता या चिन्हाची जन्मतिथी २१ एप्रिल १९९९ अशी निघते. हा दिनांक चिन्ह निर्माण करणाऱ्या संगणकाच्या घड्याळाचा आहे, ही मर्यादा मान्य करूनही तो इटेनियमच्या पूर्वतयारीच्या काळाशी उत्तम जुळतो. अनेक घरांतील संगणकांवर हा शक न वाचला जाता पडून आहे.

मायक्रोसॉफ्टच्या राखीव पार्टिशनचे चिन्ह तपासले तर तिसऱ्या गटाच्या आरंभी ४ हा अंक आढळतो. हे चिन्ह यादृच्छिक रीतीने काढलेले आहे. त्यातून कोणतीही तिथी निघत नाही. एकाच प्रकारच्या साधनांतही कालनिर्देश सर्वत्र मिळेलच असे नाही, हा धडा यातून घ्यावा. तिसरे उदाहरण ग्रबच्या १ एमबीच्या पार्टिशनचे. त्याच्या चिन्हातील बाइट डिस्कवरील क्रमाने मांडून अक्षरांत वाचले असता 'हा! मला ईएफआयची गरज नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उमटते. नव्या व्यवस्थेतही जुन्या बायॉसच्या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांनी कोरलेला हा विनोदी शिलालेख होय. नोंदवहीतच नोंदीविरुद्धची तक्रार लिहिलेली सापडावी, असा योग विरळा.

६

सामान्य वापरकर्त्यास लहान पार्टिशनचा खरा परिचय झाला तो विंडोज ७ या आवृत्तीमुळे. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेली ही आवृत्ती कोऱ्या डिस्कवर बसविली असता स्वतःहून १०० एमबीचे एक पार्टिशन करून घेई. त्याचे मूळ तीपूर्वीच्या व्हिस्टा या आवृत्तीत आहे. व्हिस्टाबरोबर संपूर्ण पार्टिशन कुलूपबंद करण्याची बिटलॉकर ही सोय आली. तथापि संगणक सुरू होताना ज्या कार्यक्रमाने किल्ली मागावयाची, तो कार्यक्रमच कुलपाच्या आत राहिला तर दार उघडणार कोण? वाड्याला जशी दरवाजाशी देवडी लागते, तशी येथे कुलपाबाहेरची लहान जागा अपरिहार्य ठरली. व्हिस्टात ती १.५ जीबीची असून मालकाला स्वतः वेगळी काढावी लागे. विंडोज ७ ने ती १०० एमबीवर आणून आपोआप करण्याची व्यवस्था केली. पुढे दुरुस्तीची साधनेही तेथे आली आणि हे आकारमान विंडोज ८ मध्ये ३५० एमबी, तर विंडोज १० मध्ये ५०० एमबी झाले. केवळ आकारावरून पार्टिशनचा काळ सांगण्याचा मोह येथे होतो. तो अनुमानापुरता ठीक आहे. पुरावा म्हणून नव्हे.

अलीकडील दोन प्रसंग उल्लेखनीय आहेत. २०१८ साली विंडोज १० चा एप्रिल महिन्याचा मोठा बदल झाल्यावर काही संगणकांवर असे एक लहान, जवळजवळ भरलेले पार्टिशन अक्षर धारण करून ड्राइव्हांच्या यादीत अवतरले, आणि 'जागा संपत आली' असा इशारा वारंवार येऊ लागला. वस्तुतः तेथे दुरुस्तीची सामग्री होती. उपाय एवढाच होता की, त्यास मिळालेले अक्षर काढून घ्यावयाचे. नाव काढणे आणि जागा पुसणे या दोन क्रिया भिन्न आहेत. परंतु घाईत त्यांची गल्लत होते. दुसरा प्रसंग जानेवारी २०२४ मधील. बिटलॉकरशी संबंधित एक सुरक्षादोष दूर करणारी सुधारणा अनेक संगणकांवर बसेना, कारण दुरुस्तीचे पार्टिशन अपुरे पडत होते. मायक्रोसॉफ्टने जी रीत प्रसिद्ध केली, तीत दुरुस्तीची व्यवस्था प्रथम निष्क्रिय करावी, मुख्य पार्टिशनमधून २५० एमबी काढावे, जुने दुरुस्तीचे पार्टिशन पुसून मोठे करावे, आणि ती व्यवस्था पुन्हा सुरू करावी, असा क्रम होता. म्हणजे पुसणे हे सर्वथा निषिद्ध नाही. क्रम सोडून पुसणे निषिद्ध आहे.

७

या इतिहासावरून संशोधकाने घ्यावयाची दक्षता आपोआप निष्पन्न होते. अनोळखी पार्टिशन आढळले असता पाच गोष्टी पाहाव्यात : ते डिस्कच्या आरंभी आहे की शेवटी, त्याचे आकारमान काय, त्याचा प्रकार कोणता, त्यात काय आहे, आणि ते केव्हापासून दिसू लागले. एकाच यादीवर विसंबू नये. विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट हे दृश्य साधन राखीव पार्टिशन दाखवीतच नाही, तर आज्ञांच्या द्वारे चालणारे साधन ते दाखविते. एका बखरीत एखादी घटना नाही म्हणून ती घडलीच नाही असे आपण मानीत नाही. येथेही तोच न्याय लावावा. दोन डिस्क असलेल्या संगणकात तर हे विशेष पाहावे. नवी कार्यप्रणाली नव्या डिस्कवर बसविली तरी तिचे आरंभपार्टिशन जुन्या डिस्कवरच राहिलेले असू शकते, आणि जुनी डिस्क काढताच संगणक सुरू होईनासा होतो. काढून टाकलेल्या कार्यप्रणालीचे अवशेष, किंवा ज्याची स्वतंत्र प्रत करून ठेवली आहे असे निर्मात्याचे पार्टिशन, हे पुसण्यास हरकत नाही. परंतु कोणतीही कृती करण्यापूर्वी डिस्कवरील सामग्रीची दुसरी प्रत असलीच पाहिजे.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याकडे अशी प्रत नव्हती. त्याच्या सुदैवाने त्याने त्यानंतर डिस्कवर काही लिहिले नाही. पुसली गेली होती ती वाटणीची नोंद. छायाचित्रे जागच्या जागी होती. प्रश्न मुख्य पार्टिशनची सीमा शोधण्याचा होता. तेव्हा ज्याचा त्याने राग धरला होता तेच २०० एमबीचे पार्टिशन उपयोगी पडले. ॲपलची ही रीत ठरलेली असल्याने मुख्य पार्टिशनचा आरंभ त्या २०० एमबीच्या लगत पुढे शोधावयाचा हे निश्चित झाले. तेथे तो सापडला, आणि नोंद पुन्हा लिहिता आली. वास्तविक बाह्य डिस्कवरील ते पार्टिशन जवळजवळ रिकामेच होते. ते नसते तरी विशेष बिघडले नसते. हानी झाली असती ती पार्टिशनमुळे नव्हे, तर न वाचता पुसण्याच्या घाईमुळे.

या अनुभवावरून एक सूचना विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या विचारार्थ मांडावीशी वाटते. दप्तर बांधताना रुमालाबरोबर आतील कागदांची यादी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. साधनांच्या प्रत्येक डिस्कसोबत तिच्या पार्टिशनांची यादी, म्हणजे प्रत्येकाचा आरंभ, आकारमान, प्रकार आणि तयार केल्याची तारीख, कागदावर लिहून ठेवावी. अर्ध्या पानाचे हे काम आहे. पुढे कधी डिस्कवरील नोंद नाहीशी झाली, तर तो कागद मुख्य पार्टिशनची सीमा दाखवील.